ॲलन सॅपचीं चित्रें आणि कुटुंबस्मृतीचें प्रामाण्य

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनीं बालपणीं घोकला आहे त्यांस स्मृति आणि अनुभव यांमधील भेद सांगावयास नको. बुद्धीचे हे दोन प्रकार सांगून ग्रंथकारानें प्रमाणांचा सारा विचार अनुभवाच्या पोटांत केला आहे. स्मृति केवळ संस्कारापासून उपजते, नवें कांहीं कळवीत नाहीं, म्हणून प्रमाणांच्या पंक्तींत तिचें पान मांडलेलें नाहीं. इतिहाससंशोधकांचा संप्रदायही व्यवहारांत याच मताचा आहे. समकालीन पत्र हातीं असलें तर आपण बखरीकडे वळत नाहीं. यादी, ताळेबंद, निवाडपत्र हीं अव्वल दर्जाचीं साधनें, आणि म्हातारपणीं सांगितलेली हकीकत दुय्यम, असा आपला क्रम ठरलेला आहे. हा क्रम चुकीचा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या घरांतील माणसांच्या हातचे कागद फारसे उरलेले नाहींत, आणि जे कागद दप्तरांत आहेत ते बहुतेक त्या घरावर देखरेख ठेवणाऱ्या अंमलदाराचे आहेत, तेथें हा क्रम लावला म्हणजे काय होतें, हें पाहण्यासारखें आहे. कॅनडा देशांतील क्री लोकांपैकीं ॲलन सॅप (१९२८–२०१५) या चित्रकाराचीं चित्रें याच कारणास्तव आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सॅपचीं मूळ चित्रें आम्हीं पाहिलेलीं नाहींत, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. कॅनडांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें त्याच्या चित्रांचे दोन छापील संग्रह पाठविले. एक १९७७ सालचा 'ए क्री लाइफ', आणि दुसरा १९९६ सालीं निघालेला 'आय हर्ड द ड्रम्स', ज्यांत चित्रकाराचें स्वतःचें कथन आहे. छापील प्रतीवरून मूळ पोथीची परीक्षा करणाऱ्याची जी गत होते तीच आमची होणार; म्हणून रंगाचा लेप, कुंचल्याचा फटकारा यांविषयीं आम्ही मौन धरतों. आमचा प्रश्न साधनाच्या प्रामाण्याचा आहे, आणि तेवढ्यापुरती छापील प्रत पुरेशी आहे.

क्री लोकांशीं मराठी वाचकाचा काय संबंध, असें कोणी विचारील. पहिला संबंध लिपीचा आहे. हडसन्स बे कंपनीच्या नॉर्वे हाउस या ठाण्यावर जेम्स इव्हान्स नांवाच्या वेस्लियन मिशनऱ्यानें १८४० सालीं क्री भाषेसाठीं एक अक्षरमाला प्रचारांत आणिली. तिच्यांत प्रत्येक व्यंजनाला एक आकृति आहे, आणि तीच आकृति चार दिशांना फिरविली कीं ए, इ, ओ, आ हे स्वर त्या व्यंजनाला लागतात. व्यंजन व स्वर मिळून एकच अक्षर करावयाचें, रोमन लिपीप्रमाणें सुटे मांडावयाचे नाहींत, हें तत्त्व इव्हान्सनें देवनागरीवरून व इंग्रजी लघुलेखनावरून घेतलें असावें असें लिपिज्ञ मानतात. थोडक्यांत ती बाराखडीच. फक्त काना-मात्रा न देतां अक्षरच कधीं उताणें, कधीं पालथें, कधीं कुशीवर निजविलेलें आहे. चहाच्या पेट्यांना आंतून लावलेलें शिसें वितळवून त्यानें खिळे ओतले आणि भूर्जाच्या सालीवर छापलें, असें सांगतात. ज्यांच्या संग्रहीं काश्मीरकडील भूर्जपत्रावरील पोथ्या आहेत त्यांस हें वाचून कौतुक वाटेल. खुद्द क्री परंपरा मात्र हें श्रेय इव्हान्सला देत नाहीं. मिस्तनाकोवेव नांवाच्या क्री पुरुषाला ही लिपि परलोकांतून मिळाली, असें तेथील वृद्ध सांगत आले आहेत. दोन्ही परंपरा येथें नोंदवून ठेवतों.

दुसरा संबंध व्याकरणाचा, आणि तो आम्हांस विशेष प्रिय आहे. लिओनार्ड ब्लूमफील्ड हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ पाणिनीचा मोठा चाहता होता. १९२७ सालीं त्यानें पाणिनीच्या कांहीं सूत्रांवर निबंध लिहिला, आणि मेनॉमिनी या क्रीच्या बहिणभाषेचें त्यानें १९३९ सालीं केलेलें विवेचन तर अष्टाध्यायीच्या धर्तीवर, क्रमानें लागणाऱ्या सूत्रांनीं मांडलेलें आहे. हाच ब्लूमफील्ड १९२५ च्या उन्हाळ्यांत सस्कॅचवान प्रांतांतील बॅटलफर्ड गांवाजवळच्या स्वीट ग्रास वस्तींत कांहीं आठवडे राहिला, आणि तेथील वृद्धांच्या तोंडून त्यानें क्री कथा उतरवून घेतल्या. त्या १९३० व १९३४ सालीं छापून निघाल्या. सांगणाऱ्यांत एक आंधळा म्हातारा होता व त्याच्यापाशीं कथांचा मोठाच सांठा होता. यानंतर तिसऱ्या वर्षीं त्याच बॅटलफर्डच्या दक्षिणेस, ईगल हिल्स नांवाच्या टेंकड्यांतील रेड फेझंट वस्तींत ॲलन सॅप जन्मला. पाणिनीचा अभ्यासक ज्या भाषेचे बोल कानांनीं टिपून गेला, ती भाषा बोलणारें घर हा मुलगा पुढें डोळ्यांनीं टिपणार होता.

त्या घराची पार्श्वभूमि थोडक्यांत सांगतों. नेहियवक् हें या लोकांचें स्वतःचें नांव. 'क्री' हें परक्यांनीं रूढ केलेलें. माळरानावरील क्री कुटुंबें बायसन नांवाच्या रानरेड्याच्या शिकारीवर जगत असत. १८७६ सालीं फोर्ट कार्लटन व फोर्ट पिट येथें इंग्लंडच्या राणीच्या नांवानें सहावा करार झाला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत बायसनचे कळप कॅनडाच्या माळावरून नाहींसे झाले. नेमून दिलेल्या वस्तींत शेती करून राहण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. १८८५ च्या उठावानंतर बंधनें फारच आवळलीं गेलीं; त्या वर्षाच्या २७ नोव्हेंबरला बॅटलफर्ड येथें आठ जणांना एकाच वेळीं फांशीं दिलें. वस्तीबाहेर जावयाचें तर अंमलदाराचा दाखला लागे. या नियमाला कायद्याचा आधार मुळींच नव्हता, तरी तो चाले. धान्य, गवत, गुरें विकावयाचीं तर परवाना लागे, आणि याला मात्र १८८१ पासून कायद्याचा आधार होता. १८८९ पासून कांहीं वर्षें तर यंत्रें वापरूं नयेत, हातच्या अवजारांनींच पेरावें-कापावें, असें धोरण होतें. १८९५ च्या दुरुस्तीनें कित्येक धर्मोत्सव गुन्हा ठरले, ते १९५१ पर्यंत. १९२० पासून मुलांना शाळेंत पाठविण्याची सक्ति झाली, आणि ती शाळा पुष्कळदां घरापासून दूर, वसतिगृहाची, मातृभाषा बोलल्यास शिक्षा करणारी अशी असे. कॅनडाच्या सत्यशोधन आयोगानें २०१५ सालीं आपला वृत्तांत पुरा केला. त्यांत अशा शाळांतून गेलेल्या मुलांची संख्या सुमारें १,५०,००० धरली आहे.

सॅपचा जन्म २ जानेवारी १९२८ चा. आई क्षयानें आजारी होती, आणि मुलगा वयांत येण्याच्या सुमारास ती वारली. त्याला वाढविलें तें आजीनें, आईची आई मॅगी सूनियास हिनें. मुलगा स्वतःही नेहमींचा दुखणाईत. तो आठ वर्षांचा असतां आजीच्या बहिणीला त्याच्या जिवावर संकट असल्याचें स्वप्न पडलें, म्हणून तिनें त्याला किस्कायेतम हें क्री नांव दिलें. त्याचा अर्थ 'त्याला उमजतें' असा होतो. इतर पोरें बाहेर हुंदडत असतां हा अंथरुणांत पडून चित्रें काढी. शालेय शिक्षण त्याला जवळजवळ लाभलेंच नाहीं. १९५५ सालीं लग्न झालें. पुढें वस्ती सोडून तो नॉर्थ बॅटलफर्ड गांवांत आला, आणि आपलीं लहान लहान चित्रें रस्त्यावर व दारोदार हिंडून अल्प किंमतीस विकूं लागला. हीं चित्रें कशाचीं होतीं? उंच पर्वत, हरणें, भिंतीवरील दिनदर्शिकेवर असतात तसे देखावे. गिऱ्हाइकाला हेंच आवडेल अशी त्याची समजूत होती. १९६६ सालीं गांवच्या दवाखान्यांत डॉक्टर ॲलन गोनर यांची व त्याची गांठ पडली. त्यांनीं चित्रें विकत घेतलीं, आणि जें तुला ठाऊक आहे, ज्या वस्तींत तूं वाढलास, तें काढ, असें सुचविलें. पुढें सस्कॅटूनच्या विश्वविद्यालयांतील चित्रकलेच्या अध्यापिका विनोना मल्कास्टर यांचें मार्गदर्शन त्याला मिळालें. १९६९ सालीं सस्कॅटूनच्या मेंडेल चित्रशाळेंत त्याचें प्रदर्शन भरलें व तें फार गाजलें. १९७५ सालीं रॉयल कॅनेडियन ॲकॅडमीनें त्याला आपल्यांत घेतलें, १९८७ सालीं 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा बहुमान मिळाला. नॉर्थ बॅटलफर्ड येथील १९१६ सालच्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतींत १९८९ पासून त्याच्या नांवाची चित्रशाळा आहे. तेथील मुख्य संग्रह गोनर कुटुंबाचा. २९ डिसेंबर २०१५ रोजीं तो निवर्तला.

आतां परीक्षेकडे वळूं. कोणत्याही बखरीस आपण जे प्रश्न विचारतों तेच या चित्रांस विचारले पाहिजेत. कर्ता प्रत्यक्षदर्शी आहे काय? आहे. लिहिलें केव्हां? घटनेनंतर वीस-तीस वर्षांनीं, आणि पुढें आयुष्यभर. कोणाच्या सांगण्यावरून? हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ज्यानें विकत घेतलें त्यानेंच विषय सुचविला, तेव्हां ही स्मृति गिऱ्हाइकाच्या आवडीस अनुसरून घडली नसेल कशावरून, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो क्षुद्र नाहीं. या आक्षेपास आमचें उत्तर असें कीं, आज्ञेनें विषय मिळतो, तपशील मिळत नाहीं. कृष्णाजी अनंत सभासदानें शिवछत्रपतींचें चरित्र राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलें, महाराजांच्या निधनानंतर (१६८०) पुष्कळ वर्षांनीं. कालक्रमांत त्याच्या चुका संशोधकांनीं दाखविल्या आहेत. तरीही कारखाने, मुलूखगिरीची रीत, किल्ल्यावरील व्यवस्था यांविषयीं आपण त्याच्याकडेच जातों. कारण तें सर्व त्याच्या अंगवळणीं पडलेलें होतें, मुद्दाम आठवावें लागत नव्हतें. सॅपचेंही तसेंच आहे. त्याच्या चित्रांवर वार-तारखेचा भरंवसा ठेवूं नये, ठेवण्याचें कारणही नाहीं. परंतु सरपण चुलीच्या कोणत्या बाजूस रचतात, घोड्यांच्या घसरगाडीवर गवत कसें लादतात, बर्फ पडलें असतां पाणी कोठून व कशांत आणतात, या बाबतींत डॉक्टर गोनरना कांहींच ठाऊक नव्हतें. तेव्हां त्यांच्या आवडीस अनुसरून हा तपशील घडणें अशक्य आहे.

चित्रांत काय आहे? बहुतेक हिंवाळा आहे. ओंडक्यांचीं, मातीनें लिंपलेलीं बसकीं घरें, वर येणारा धूर, दारांत लांकडांचा ढीग, कुत्रीं, घसरगाडीला जुंपलेले घोडे. दोघे पुरुष ओंडका कापीत आहेत. बाई दूध काढते आहे. पोरें गोठलेल्या तळ्यावर चेंडूफळीसारखा हॉकीचा खेळ खेळत आहेत. रात्रीच्या उत्सवांत ढोलाभोंवतीं माणसें बसलीं आहेत. आणि घरांत लोखंडी शेगडीपाशीं डोकीला रुमाल बांधलेली आजी. तिचीं चित्रें सॅपनें पुनःपुन्हा काढलीं. कित्येक चित्रांत चेहरे स्पष्ट नाहींत. माणूस ओळखू येतें तें पाठीच्या बांकावरून, बसण्याच्या ढबीवरून. घरांतील माणसाला आपण अंधारांतही याच खुणेनें ओळखतों, हें ज्याच्या त्याच्या अनुभवाचें आहे. म्हणून हा दोष नसून स्मृतीच्या अस्सलपणाची खूण आहे, असें आम्ही समजतों.

या चित्रांना 'पारंपरिक जीवनाचीं चित्रें' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द सैल आहे, आणि वस्तूंचा विचार करूं लागलें तर तो टिकतही नाहीं. लोखंडी शेगडी, घोडा, गाडी, चहा, गव्हाचें पीठ हीं सर्व व्यापाराबरोबर व करारानंतर आलेलीं. बॅनक नांवाची जाड रोटी, जी त्या घरांतील रोजचें अन्न, तिचें नांवच मुळीं स्कॉटलंडचें आहे. परंतु यावरून परंपरा खोटी ठरत नाहीं. आपल्या उपासाच्या थाळींतील बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांबरोबर आलीं, तरी एकादशीला त्यांना कोणी परकीं म्हणत नाहीं. परंपरा असेल तर ती रोटींत नाहीं. ती कोण भाजतें, कोणाला आधीं देतें, कोणाच्या शेजारीं बसून खातात, यांत आहे. चित्रांत पाहावयाचें तें हें.

येथें व्याकरण साहाय्यास येतें. क्री भाषेंत नात्याचे शब्द कधींही निराधार उभे राहत नाहींत. नोहकोम म्हणजे 'माझी आजी', कोहकोम म्हणजे 'तुझी आजी', ओहकोमा म्हणजे 'त्याची आजी'; नुसती 'आजी' असा शब्द करतांच येत नाहीं. ज्याप्रमाणें संस्कृतांत प्रत्ययावांचून पद होत नाहीं, त्याप्रमाणें येथें कोणाचें तरी असल्यावांचून नातें होत नाहीं. निकाविय् म्हणजे माझी आई, आणि निकावीस म्हणजे मावशी, शब्दशः 'माझी धाकटी आई'. वडिलांच्या भावालाही असेंच 'धाकटे वडील' या अर्थाचें नांव आहे. परंतु वडिलांची बहीण निराळी, ती निसिकोस. आईचा भाऊ निराळा, तो निसिस. आणि निसिकोस म्हणजेच सासू, निसिस म्हणजेच सासरा! ज्या घरांत सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत आली, त्या घरांतील वाचकास याचें कारण समजावून देण्याची गरज नाहीं. मामाच्या मुलीशीं किंवा आत्याच्या मुलाशीं विवाह जेथें योग्य समजतात तेथें भाषा असें वळण घेते. डेव्हिड मँडेलबॉम या मानववंशशास्त्रज्ञानें १९३४ व १९३५ सालीं याच प्रदेशांतील क्री वस्त्यांचा अभ्यास केला, त्यावरील त्याचा ग्रंथ १९४० सालीं निघाला. आणि पुढें हाच गृहस्थ निलगिरींतील कोत लोकांचा व एकंदर भारतीय समाजाचा अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आला. आमच्याकडे इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं नातेसंस्थेवरील आपला इंग्रजी ग्रंथ छापला. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचण्यासारखीं आहेत. अर्थात् यावरून क्री आणि मराठे यांचें मूळ एक होतें असा तर्क कोणी लढवूं नये. आपल्याकडे तशी हौस पुष्कळांना आहे.

असाच एक सावधगिरीचा इशारा दुसऱ्या गोष्टीविषयीं द्यावासा वाटतो. क्री भाषेंत नामांचीं लिंगें पुरुष-स्त्री अशीं नसून सचेतन व अचेतन अशीं आहेत, आणि किटली, रोटी, धोंडा, चिलीम हीं सचेतनांत गणलीं जातात. यावरून सॅपच्या स्वयंपाकघरांतील किटलीसुद्धां जिवंत आहे, असें कोणी भावनेच्या भरांत लिहील. बायकोला संस्कृतांत दार हा शब्द पुल्लिंगी, भार्या स्त्रीलिंगी आणि कलत्र नपुंसकलिंगी. म्हणून कोणी गृहस्थाश्रमाचें तत्त्वज्ञान त्यांतून काढीत नाहीं. लिंगाचा नियम वेगळा आणि श्रद्धा वेगळी. सॅपनें किटली प्रेमानें काढली आहे, तेवढें खरें, आणि त्याला व्याकरणाची साक्ष लागत नाहीं.

आतां चित्रांत काय नाहीं तें पाहूं. बाप-लेक गवत लादून निघालेले दिसतात. त्यांच्या खिशांतील परवाना दिसत नाहीं. परवाना अंमलदाराच्या दप्तरांत आहे, परंतु तेथें थंडी नाहीं, घोड्याचा वाफाळणारा श्वास नाहीं, मुलगा बापाच्या कोणत्या बाजूस बसला होता तें नाहीं. एका घटनेचे हे दोन अर्धे भाग दोन ठिकाणीं राहिले आहेत. चित्रांत भूक क्वचित् दिसते, आजार क्वचित् दिसतो, आणि दूरच्या शाळेंत नेलेलें पोर तर चित्रांत असणारच नाहीं, कारण तें घरांत नव्हतें. म्हणून जो कोणी केवळ या चित्रांवरून त्या काळच्या वस्तीचा इतिहास लिहील तो सुखी खेड्याची कादंबरी लिहील. सॅप खोटें सांगतो असें नव्हे. त्यानें जें जपावयाचें ठरविलें तें जपलें. हिशेब देण्याचें काम त्यानें पत्करलेलें नव्हतें.

परंतु मौनालाही बोलतें करतां येतें. शेगडीपाशीं आजीच कां? आई कां नाहीं? चरित्र वाचल्यावर उत्तर मिळतें: आई क्षयानें पडून होती. म्हणजे आजीच्या प्रत्येक चित्राच्या पाठीमागें न काढलेली आई आहे. हें अनुमान आम्हांस मोहक वाटतें, तरी तें जपून वापरलें पाहिजे. कारण क्री कुटुंबांत नातवंडाला आजीनें वाढविणें ही मुळांतच मान्य रीत होती, आणि कोठें रीत संपते व कोठें संकट सुरू होतें तें केवळ चित्र सांगूं शकत नाहीं. मात्र एवढें निश्चित म्हणतां येतें कीं, संकट आलें तेव्हां रीत हजर होती. मुलाला घेण्यासाठीं हात तयार होते, आणि त्या हातांना भाषेंत नांवही तयार होतें.

तर्कसंग्रहाकडे पुन्हां जाऊं. अन्नंभट्टानें स्मृतीला प्रमाणांत घेतलें नाहीं, परंतु तिचेही यथार्थ व अयथार्थ असे दोन भेद त्यानें केले आहेत. ज्या अनुभवावरून ती उपजली तो खरा असेल तर ती यथार्थ. तेव्हां स्मृति फेंकून न देतां तिचा मूळ अनुभव तपासावा, आणि तो तपासण्याचा मार्ग म्हणजे दुसरे साक्षीदार. नॉर्थ बॅटलफर्डच्या चित्रशाळेनें नेमकें हेंच केलें. २००५ सालीं पुरा झालेल्या एका उपक्रमांत तिनें सॅपच्या चित्रांच्या आधारानें आसपासच्या वस्त्यांतील वृद्धांना बोलतें केलें व त्यांचें कथन नोंदवून घेतलें. आमच्या मतें सॅपच्या चित्रांचें सर्वांत मोठें मोल येथें आहे. चित्र पाहून म्हातारा माणूस 'हो, असेंच होतें' एवढेंच म्हणून थांबत नाहीं. तो 'आमच्याकडे मात्र' म्हणून पुढें बोलूं लागतो, आणि तो पुढचा मजकूर कोणत्याही दप्तरांत नसतो. ज्या पिढीचें बोलणें शाळेनें तोडलें त्या पिढीला प्रश्नावली देऊन जें मिळालें नसतें, तें शेगडीचें एक चित्र समोर ठेवल्यानें मिळालें. हे बोलणारे फार दिवस राहणारे नव्हते. काम वेळेवर झालें.

हें वाचतांना आम्हांस आमची एक जुनी चूक आठवली, ती येथें नमूद करतों. संग्रहासाठीं पोथ्या मिळवीत हिंडत असतां कोंकणांतील एका गांवीं एका वृद्ध बाईनें आम्हांस एक पोथी दिली. पोथी लाल रुमालांत बांधलेली होती. देतांना ती बराच वेळ बोलत होती: ही कोणी लिहिली, चातुर्मासांत कोण वाचीत असे, वाचतांना कोण कोठें बसे, कोणत्या पानापाशीं कोणाला रडूं येई. आम्ही त्या वेळीं तरुण होतों व उन्हें उतरण्यापूर्वीं पुढचें गांव गांठावयाचें होतें. लिपि, पत्रें, लेखनशक हीं पाहून आम्हीं पोथी पिशवींत घातली. रुमाल तिला परत दिला. पोथींतील ग्रंथ पूर्वींच छापलेला निघाला, त्यामुळें तिचा संशोधनास कांहीं उपयोग झाला नाहीं. बाई जें सांगत होती तें छापलेलें नव्हतें.

क्री भाषेंत त्या बाईची नोंद करावयाची असती तर ती कोणाची आजी हें विचारल्यावांचून शब्दच पुरा झाला नसता. आमच्या टिपणवहींतील नोंद मराठींत आहे व ती अशी: पत्रें ४२, प्रत्येक पृष्ठावर पंक्ति ९, पहिलें पत्र नाहीं, अक्षर बरें, एका म्हातारीकडून मिळाली.